पाचवाला आणि नऊवाला

आमच्या घरी ट्रॅक्टर घ्यायचा ठरला तेव्हा ओट्यावर जशी बैठक बसली होती, तशीच माझ्या कॉम्प्युटरसाठीही बसली. फरक इतकाच, की ट्रॅक्टरच्या वेळी तो चालवणाऱ्याला मध्ये बसवून त्याचं मत विचारलं होतं. माझ्या वेळी मी आत चहा गाळत होते.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. कोपरगावच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या उसाच्या गावात राहते. नवरा साखर कारखान्यात काट्यावर आहे, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करतात तिथे. सासूबाई आता नाहीत, सासरे आहेत. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीने मामा म्हणते. भाचीच्या लग्नात हौस म्हणून मोबाईलवर एक व्हिडिओ जोडला होता. तो राहात्याच्या एका फोटोग्राफरने पाहिला आणि विचारलं, "ताई, हे कुणी केलं?" तेव्हापासून तो शूटिंग करतो, हार्ड डिस्क माझ्याकडे आणून देतो आणि मी कापून-जोडून लग्न तयार करून देते. या कामात मी कुणाची सून नसते की कुणाची वहिनी नसते. नवरी कुठे रडायची आणि सनई कुठे वाजायची, हे मी ठरवते. मी काही ठरवते अशी घरात ती एकच गोष्ट आहे.

ज्यांना वाटतं की लग्नाचा व्हिडिओ म्हणजे हार घातले, अक्षता पडल्या आणि संपलं, त्यांनी आमच्या भागातलं एक लग्न बघावं. खरं लग्न उरकतं पटकन. लांबतात ते सत्कार. माईकवरून नाव पुकारलं जातं, पाहुणा गर्दीतून वाट काढत मांडवाच्या पुढे येतो, त्याला टॉवेल-टोपी मिळते, तो कॅमेऱ्याकडे बघतो आणि जातो. मग पुढचा. मामा, मावसे, आत्याचे दीर, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, चेअरमन होता होता राहिलेले. यातला एकही कापायची सोय नाही. एकदा मी एका लग्नातले दोन काका गाळले, तर ते वर्षभर त्या घरी जेवायला गेले नाहीत म्हणे. तेव्हापासून मी सगळ्या टोप्या ठेवते. व्हिडिओ तासन्‌तास चालतो. तालुक्यातल्या अर्ध्या माणसांना मी टोपी घालताना पाहिलेलं आहे, त्यांना त्याचा पत्ता नाही.

एवढा लांब व्हिडिओ माझ्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेना. सगळे तुकडे जोडून झाले की त्यांची एक सलग फाईल करावी लागते. त्याला आम्ही रेंडरला टाकणं म्हणतो. ते चालू असताना कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की केलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. जुना कॉम्प्युटर निम्म्यात मान टाकायचा. गेल्या सीझनला फोटोग्राफरला माझ्यामुळे गिऱ्हाइकांच्या शिव्या खाव्या लागल्या. तो माणूस तसा सभ्य. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला वळण चांगलंय. पण यंदा तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे रांग लागणार. यंदा उशीर झाला तर मला काम नाशिकला द्यावं लागेल." त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

म्हणून नवीन घ्यायचा. पैसे माझे होते, याच कामाचे साठवलेले. आणि काय घ्यायचं हेही मी ठरवून टाकलं होतं. उन्हाळाभर मोबाईलवर त्याचीच माहिती बघत बसायचे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. दुकानांत त्याला तीनवाला, पाचवाला, सातवाला, नऊवाला म्हणतात. जितका मोठा आकडा तितकी ताकद जास्त आणि किंमतही. मी कोपरगावच्या एका दुकानात पेनड्राइव्हमध्ये एक अख्खं लग्न घेऊन गेले आणि म्हटलं, हे तुमच्या पाचवाल्यावर चालवून दाखवा. त्याने चालवलं. नवरदेवाची मिरवणूक, डीजेचे लाइट, धूर, नाचणारी पोरं, जिथे माझा जुना अडखळून मरायचा तिथे हा सरळ पुढे गेला. मी पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग त्याला म्हटलं, पाचवालाच द्या, फक्त रॅम भरपूर टाका आणि सोबत दम असलेला यूपीएस द्या, आमच्याकडे लाइट जाते. तो म्हणाला, "बरोबर बोललात मॅडम, तुमच्या कामाला हेच." कुणीतरी मला बरोबर बोललात म्हणालं, याचा मला इतका आनंद झाला की येताना मी पावशेर जिलेबी घेतली.

जिलेबी खातानाच मी घरात सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं. सांगितलं नसतं तर एव्हाना पाचवाला माझ्या खोलीत सुखाने चालला असता.

मामा म्हणाले, "पाचवाला म्हंजे? त्याच्या वर काय नसतं व्हय?"

म्हटलं, असतो, नऊवाला असतो, पण तो आपल्याला नको.

"नको कशापायी? पाच मोठा का नऊ?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मामा ऐकतात सगळं, अगदी मान हलवून ऐकतात, आणि मग आधी जे म्हणायचं होतं तेच म्हणतात. "आपन ट्रॅक्टर घेतला तवा बी लोक म्हनले, बारका घ्या. घेतला का बारका?" नव्हता घेतला. बांधाशेजारच्यांचा मोठा होता म्हणून त्याहून मोठा घेतला. आज तो पत्र्याखाली उभा असतो, बॉनेटवर गोणपाट असतं आणि बारीकसारीक मशागतीला आम्ही भाड्याने दुसऱ्याचा लहान ट्रॅक्टर आणतो. हे मी बोलले नाही. तोंडात जिलेबी होती.

दुसऱ्या दिवशी बैठक. मामा, शेजारचे दोघे, आमचे हे आणि पुण्याहून फोनच्या स्पीकरवर माझे धाकटे दीर. भाऊजींना मी फार नावं ठेवत नाही, पण ते उंटावरून शेळ्या हाकतात. "वहिनी, घ्यायचं तर टॉपचं घ्या. पुढची दहा वर्षं बघायला नको." मी आतून म्हटलं, भाऊजी, रॅमला पैसे उरायला हवेत. ते म्हणाले, "रॅम काय, नंतरही वाढवता येते." ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू रॅम म्हणजे काय ते पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. शेजारचे म्हणाले, "वस्तू कशी, दहा लोकांनी बघायला आलं पायजे." चहाचे कप रिकामे झाले आणि नऊवाला ठरला.

रात्री ह्यांना म्हटलं, पैसे माझे, काम माझं आणि ठरवलं तुम्ही. ते म्हणाले, "अगं, चांगलंच घेतोय ना तुला? हलकं दिलं असतं तर एक वेळ रागवायचं." हलकं दिलं असतं तर माझी कीव आली असती लोकांना. चांगलं नको म्हणते म्हणजे मी वेडी. माझी बाजू इतकी बरोबर होती आणि तरी ती मांडायला घेतली की मीच कृतघ्न दिसायचे.

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्तावर नगरला गेलो. घ्यायचं तर जिल्ह्याच्या गावी, असं ठरलं होतं. दुकानदार चांगला बोलका. त्याने ह्यांना विचारलं, "काम काय असतं?" हे म्हणाले, "घरगुती." मी म्हटलं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. दुकानदार ह्यांच्याकडे बघूनच म्हणाला, "मग तर नऊवाला बेस्ट, साहेब." मी रॅमचं विचारलं, तर तो मामांना म्हणाला, "बसेल, दादा, बसेल सगळं." प्रोसेसर, त्याला लागणारा बोर्ड आणि काचेची पेटी, ज्यात आपोआप रंग बदलणारे दिवे होते, यातच पैसे संपले. रॅम बसवली जेमतेम, यूपीएस दिला सगळ्यात लहान. माझा जुना कॉम्प्युटर तिथेच एक्सचेंजला घेतला, मला न विचारता. मामांनी नारळ आणलाच होता. दुकानदाराने तो दुकानाच्या पायरीवर फोडू दिला एवढं बरं, नाहीतर मामा टेबलाकडे बघत होते.

घरी आल्यावर तो माझ्या खोलीत जाईल असं मी धरून चालले होते. पण एवढी महागाची वस्तू आतल्या खोलीत कुणाला दिसणार? तो बाहेरच्या खोलीत लागला, टीव्हीच्या शेजारी, देवांच्या फोटोखाली. संध्याकाळी दिवे लागले की गणपतीतली आरास असल्यासारखं वाटायचं. लोक बघायला यायचे. मामा बटण दाबून रंग बदलून दाखवायचे, लाल, निळा, हिरवा. मग म्हणायचे, "नऊवाला हाय. याच्या वर न्हाई." आणि मला चहाला सांगायचे. मी गेल्या सीझनच्या राहिलेल्या एका लग्नातला हळदीचा सीन अर्धा सोडून उठायचे. परत आले की कुणीतरी माझ्या खुर्चीवर बसलेलं असायचं आणि पडद्यावर थांबलेल्या नवरीकडे बोट दाखवून विचारायचं, "ही कुनाची?"

बरं, कामाचा वेग तरी वाढावा? प्रोसेसर कितीही ताकदीचा असला तरी रॅम म्हणजे त्याचा स्वयंपाकाचा ओटा. आचारी पंक्तीला पुरेल इतका तरबेज आणि ओटा हातभर, तर तो भाजी चिरणार कुठे आणि कणीक मळणार कुठे? माझं तेच चाललं होतं. सत्काराचा भाग आला की पडदा गोठायचा, एक टोपी हवेतच राहायची, मी दातओठ खात बघत बसायचे. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, "असं व्हायला नको. नऊवाला आहे ना?" सगळे मला हेच विचारायचे, नऊवाला आहे ना? म्हणजे दोष माझाच.

आणि वर तो टॉवेल. कुठल्याशा लग्नात मामांना मिळालेला, गुलाबी काठाचा, घडीसुद्धा न मोडलेला. तो त्यांनी काचेच्या पेटीवर घातला. मी काढला. सांगितलं, मामा, वरची जाळी गरम हवा बाहेर जायला असते. त्यांनी मान हलवून ऐकलं. "खरंय. पन धूळ?" धूळ असतेच, रस्त्यावरून दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात, पडदे काळे होतात. मी काढायचे, ते घालायचे. मी रागाने काढायचे, ते न रागावता घालायचे. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मामा भांडत नाहीत. त्यांनी आयुष्यभर बैल सांभाळले. उन्हात जुंपलेल्या बैलावर त्यांनी कधी चाबूक उचलला नाही, असं सगळा गाव सांगतो. एवढ्या चांगल्या माणसावर ओरडायची सोय नसते, आणि मला तर ओरडण्याशिवाय काही सुचत नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि फोटोग्राफरने पहिली मोठी हार्ड डिस्क आणून दिली. राहात्याकडचं लग्न, घर मोठं, टोप्या मोजता येणार नाहीत एवढ्या. नवरीचा भाऊ सैन्यात होता, रजा संपत आलेली. निघायच्या आधी त्याला घरच्यांबरोबर बसून बहिणीचं लग्न बघायचं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तो निघायच्या दिवशी दुपारी मी स्वतः येतो न्यायला. संध्याकाळी त्याची गाडी आहे. एवढं सांभाळा." मी म्हटलं, या तुम्ही, तयार असेल.

तयार झालं होतं. गोठणाऱ्या पडद्याशी झटत मी सगळं जोडलं होतं. भाऊ करवला म्हणून नवरीच्या मागे उभा आहे आणि तिच्या मुंडावळ्या सरळ करतोय, असा एक तुकडा मला शूटिंगच्या अगदी कडेला सापडला होता. तो मी मंगलाष्टकांवर असा बसवला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी सकाळी टॉवेल काढून ठेवला, रेंडरला टाकलं, मामांना सांगितलं, याला हात लावू नका, दुपारपर्यंत चालेल. "न्हाई लावत," ते म्हणाले. पीठ संपलं होतं म्हणून दळण घेऊन गिरणीवर गेले. तिथे गर्दी. पण माझा जीव हलका होता. बायकांशी मी बऱ्याच दिवसांनी हसून बोलले.

घरी आले तर बाहेरची खोली शांत होती. त्या शांततेनेच मला कळलं. पंख्याचा आवाज नाही, दिवे नाहीत. पेटीवर टॉवेल नीट पसरलेला आणि शेजारी खुर्चीवर मामा, एखाद्या आजाऱ्याजवळ बसावं तसे.

"लई तापलं हुतं गं," ते म्हणाले. "ट्रॉल्यांची धूळ आली म्हनून झाकलं. मग धापाच टाकाया लागलं. हात लावला तर चटका. भितीवरचं बटन बंद केलं तर खालचा ब्याटरीचा डबा वरडाया लागला, तो बी बंद केला. म्हनलं, घटकाभर इसावा घिऊ दे. दमलं हुतं."

मी दळणाचा डबा खाली ठेवला. काय बोलले ते सगळं मला लिहिता येणार नाही, सुनेने सासऱ्याला बोलू नये असं होतं. एवढं आठवतं की मी म्हटलं, मामा, ते दमत नसतं, ते यंत्र आहे. दमते ती मी. पहाटे उठून मी स्वयंपाक करते, तुमच्या पाहुण्यांचे चहा करते आणि उरलेल्या वेळात हे करते. मला कधी म्हणालात का, इसावा घे? मामांनी टॉवेल काढून त्याची घडी घातली. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, पण कशाचं ते मला अजून कळलेलं नाही.

पुन्हा रेंडरला टाकलं. पण फोटोग्राफर आला तेव्हा पडद्यावरची रेंडरची पट्टी जेमतेम सरकली होती. तो बसला. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. पट्टीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग रंग बदलणाऱ्या त्या पेटीकडे बघितलं. "ताई, मशीन तर एवढं मोठं घेतलंत," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टॉवेलचं त्याला काय सांगायचं? त्याने हार्ड डिस्क मागितली, मी काढून दिली. "भाऊ आता व्हिडिओ न बघताच जाणार. हे आणि बाकीची लग्नं मी नाशिकला टाकतो. राग मानू नका." तो गेला. मामा ओट्यावर उभे होते, ते त्याला म्हणाले, "चहा घेतला असता." मग आत येऊन पेटीवर हात ठेवून बघितला आणि मला म्हणाले, "जाऊ दे. मशीन तर शाबूत राहिलं."

हे काट्यावरून आले, त्यांना सांगितलं. सीझन त्यांचाही, डोळे तांबारलेले होते. म्हणाले, "जाऊ दे आता. म्हातारं माणूस आहे. मुद्दाम केलं का त्यांनी?" मुद्दाम नाही केलं. माझ्या घरात माझ्याविरुद्ध कुणीच काही मुद्दाम करत नाही.

त्यानंतर राहात्याहून फोन आला नाही. मी दोनदा केला, तो उचलून नीट बोलला, काम असेल तर कळवतो म्हणाला. तो मुंडावळ्यांचा तुकडा नाशिकवाल्याला सापडला असेल का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

नऊवाला अजून बाहेरच्या खोलीत आहे. परवा मामांचे कुणी पाहुणे आले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. पाहुण्यांनी पेटीभोवती फिरून बघितलं आणि विचारलं, "कोनता म्हनायचा?"

"नऊवाला. याच्या वर न्हाई."

"आन करता काय याच्यावर?"

मामा म्हणाले, "आता काय न्हाई. सूनबाईला हौस हुती, घिऊन दिला."

मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "घेऊन दिला नाही, मामा. माझ्या कमाईचा आहे. आणि मला हा नको होता. पाचवाला हवा होता."

पाहुण्यांनी कप उचलून फुंकर घातली. मामांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, अगदी सगळं ऐकून घेतल्यासारखी. मग टॉवेल जरासा बाजूला करून त्यांनी बटण दाबलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा, रंग बी बदलतो."